गोदाकाकूंच्या लग्नाच्या दोन डिस्क

“चेहरे दिसायलेत. बोलणं दिसत न्हाई,” सुमन म्हणाली आणि तिनं डिस्क काउंटरवर ठेवली.

बोलणं कसं दिसणार, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिच्या शेजारी तिची आई उभी होती, गोदाकाकू. त्यांचे हात छातीपुढं भराभर चालले होते. काकू जन्मापासून बहिऱ्या. नवराही बहिरा, कंधारला टेलर. मागच्या वर्षी वारला. सुमनला ऐकू येतं. दवाखान्यात, कचेरीत आईच्या वतीनं तीच बोलते.

उदगीरला अण्णांचं दुकान आहे, तिथं जुन्या कॅसेटी डिस्कवर उतरवून देणं हे माझं काम. उरलेल्या वेळात मी कर्णबधिरांच्या हक्कांची पत्रकं लिहिते आणि स्टँडवर उभी राहून वाटते. त्यामुळं माझा आवाज कायम चढा असतो, असं अण्णा म्हणतात. खोटं नाही ते.

डिस्क लावून पाहिली. काकूंच्या लग्नाची फिल्म, तीन तास अकरा मिनिटांची. माणसं नुसती बसलेली असली की चित्र ठीक. हात हलले की बोटांच्या जागी चौकोनच चौकोन, विटा रचल्यासारखे. आणि त्या लग्नात अर्धं वऱ्हाड हातांनीच बोलणारं!

“कुणी केलं हे?” मी विचारलं.

“नांदेडात एका दुकानात. पयली डिस्क लग्नाच्या कॅमेरावाल्यानं दिली होती, ती बी अशीच.”

माझं डोकं फिरलं. साध्या डिस्कवर दीड-दोन तासांचं चित्र नीट बसतं. त्याहून जास्त कोंबायचं तर दर सेकंदाच्या वाट्याला येणारी जागा कमी करावी लागते. त्या वाट्याला आम्ही बिटरेट म्हणतो. वाटा कमी झाला की स्थिर भिंत, स्थिर चेहरा कसाबसा निभावतो. पण हलणाऱ्या गोष्टीला जागा जास्त लागते, म्हणून मार पहिला तिलाच. ऐकणाऱ्या माणसाला हे कळतही नाही, कारण त्याला आवाज सगळा मिळालेला असतो. बहिऱ्या माणसाचं मात्र वाक्यच्या वाक्य पुसलं जातं. गिऱ्हाईक बोलू शकत नाही, तक्रार करणार नाही, असं धरून चालणारा हा धंदा!

“पत्रक नंतर लिव्ह,” अण्णा मागून म्हणाले. “आदी ईचार, मूळ कॅसेटी हायेत का? आन ती मुकी बाई उभीच हाय कवाची, खुर्ची दे तिला.”

“अण्णा, मुकी म्हणायचं नाही. त्या बोलतात. तुम्हाला कळत नाही हा तुमचा प्रश्न.”

“बरं बाई. बोलणाऱ्या बाईला खुर्ची दे.”

मूळ कॅसेटी होत्या. काकूंनी त्या खणात गुंडाळून आणल्या होत्या. तासातासाच्या तीन पूर्ण भरलेल्या, चौथीवर अकरा मिनिटं. शिवाय पिशवीत घरचा डीव्हीडी प्लेअर आणि रिमोट. त्याला पेनड्राइव्ह लागत नाही. पण रिमोटवर सावकाश चालवायचं बटण आहे, आणि काकूंना तेच हवं होतं.

“एवढं सावकाश काय बघायचंय?” मी विचारलं. सुमननं हातांनी आईला विचारलं. काकू सांगू लागल्या.

पंगतीत नवरदेवाच्या मित्रांनी त्याला काहीतरी विचारलं होतं. त्यानं उत्तर दिलं आणि सगळे बहिरे मित्र पोट धरून हसले. काकू शेजारीच बसल्या होत्या. पण नवरीनं मान वर करायची नाही, अशी सक्त ताकीद. दुसरी नवरी मान खाली घालूनही सगळं ऐकते. काकूंची मान खाली गेली की जगच बंद. नंतर नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणायचा, फिल्ममध्ये बघ. फिल्ममध्ये विटा. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला ह्या विचारायच्या, आणि तो हात पाठीमागं बांधून नुसता हसायचा. आता तर विचारायलाही कुणी नाही.

“करून देते,” मी म्हणाले. “एक-एक बोट दिसेल.”

“एकाच डिस्कवर पायजे म्हणतीया आई,” सुमन म्हणाली. “लग्न एकच झालं, तवा डिस्क बी एकच.”

दोन थरांची डिस्क मिळते, तिच्यावर जवळपास दुप्पट मावतं. आमच्याकडं जुन्या कामाची भरलेली एक पडून होती, ती लावून पाहिली. काकूंच्या प्लेअरनं ती घेतलीच नाही, तीनदा बाहेर फेकली. म्हणजे साधी डिस्क, आणि तीन तास अकरा मिनिटं. काकूंनी कॅसेटी आणि प्लेअर ठेवून घ्यायला सांगितलं आणि दोघी कंधारच्या गाडीला गेल्या.

मी कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या. नांदेडची डिस्क तपासली, तर नको तितकं दाबून लहान केलेल्या चित्राच्या जोडीला आवाज अजिबात न दाबता भरलेला. जवळजवळ निम्मी जागा आवाजानं खाल्लेली! बहिऱ्यांच्या लग्नात! मी टेबलावर हात आपटला. आवाजही दाबता येतो, मग तो अगदी थोडक्यात मावतो, हे मला ठाऊक होतं. पण थोडक्यात तरी कशाला? मी आवाज काढूनच टाकला. सगळी जागा हातांना दिली. तत्त्वाचा प्रश्न होता. पुढच्या पत्रकाचा मथळासुद्धा मी मनात तयार केला.

आठवड्यानं दोघी आल्या. दुकानातल्या जुन्या खोक्याच्या टीव्हीला काकूंचा प्लेअर जोडला. वरात सुरू झाली. हात पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वच्छ दिसत होते. मी कौतुकाची वाट बघत उभी.

काकूंनी पडद्याकडं नीट पाहिलंही नाही. पुढं झाल्या आणि टीव्हीच्या बाजूला, जिथं स्पीकर असतो तिथं, तळवा ठेवला. थोडा वेळ थांबल्या. तळवा उचलून पुन्हा ठेवला. मग माझ्याकडं वळून दोन बोटं हवेत आपटली.

“हलगी कुठं गेली, ईचारायली,” सुमन म्हणाली.

“आवाज काढलाय. काकूंना त्याचा उपयोग नाही म्हणून...”

सुमननं हे आईला सांगितलं. काकूंचे हात असे सुटले, की सांगता सांगता सुमन मागं पडली.

“आई म्हणतीया, तुला कुणी सांगितलं उपयोग न्हाई म्हणून? आमच्या वरातीत हलगीवाले एकदम जवळ बोलवले होते. छातीत वाजती ती. सगळे तिच्यावरच नाचले. आमी घरी डिस्क लावतो तवा हात टीव्हीवर असतो.” मग ती स्वतःचं बोलली, हळू. “आन बाबा हसायचे त्यात. मोठ्यानं. मला त्यांचा आवाज तेवढाच हाय.”

मी प्लेअर बंद केला.

अण्णा बोलले. “मुकी म्हणू नका म्हणाली मला. आन बाईचं आख्खं लग्न तूच मुकं करून ठिवलंस की गं!”

मी काकूंसमोर कान धरले. ही खूण शिकावी लागत नाही. काकूंनी माझे हात कानांवरून काढले आणि खुर्ची ओढून बसल्या. म्हणजे काम आत्ताच करा.

मी सरळ सांगितलं. आवाज पुरता काढूनही भराभर हलणारी बोटं अजून एकमेकांत मिसळत होती; आवाज हवा आणि एकेक बोटही सुटं हवं, तर डिस्क दोन लागतील. लग्न एक असलं तरी. काकूंनी विचार केला आणि मान हलवली. पण मोडायचं कुठं, ते मी दाखवणार, म्हणाल्या.

मी बरोबर मधोमध कापणार होते. तिथं नवऱ्याचा भाऊ कुणाला तरी काही सांगत होता. काकूंनी माझ्या मनगटावर चापट मारली. बोलणाऱ्याचे हात मध्येच तोडतात का? त्यांनी फिल्म पुढं नेली. पंगत बसली. नवरदेवानं पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी तोंडाला लावला. काकूंनी तिथं बोट ठेवलं. हात गुंतलेत, म्हणजे बोलणं थांबलंय. इथं मोडा.

इतकी वर्षं मी फिल्म कापते. कापायची जागा मला इतक्या नीट कुणी शिकवली नव्हती.

तासादोनतासांत दुसरी डिस्क आधी तयार केली, कारण उत्तर तिच्यात होतं. प्लेअरमध्ये घातली. काकूंनी तळवा स्पीकरवर ठेवला आणि रिमोटचं सावकाशचं बटण दाबलं. तांब्या खाली आला. एका मित्रानं काही विचारलं. नवरदेवानं शेजारी पाहिलं, जिथं मुंडावळ्यांमागं एक मान खाली होती. मग त्याची बोटं चालली. एकेक बोट सुटं.

सुमन वाचत गेली. “मित्र म्हणतोय, बायको रुसली तर काय करशील? बाबा म्हणायलेत, रुसली की ही डोळे मिटून घेईल. डोळे मिटले की माझं बोलणं बंद. तवा ती मिटायच्या आत मीच हारणार.”

काकूंनी मागं नेऊन पुन्हा पाहिलं, ह्या वेळी साध्या वेगानं. मित्र हसले, आणि त्यांच्यावर चढून एक मोठं, वेडंवाकडं हसू दुकानभर घुमलं. सुमननं तोंडाला ओढणी लावली. काकूंचा तळवा खोक्यावर तसाच होता. दुसऱ्या हातानं त्या मला काहीतरी सांगत होत्या आणि हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं.

“काय म्हणतात?”

“हारायचे म्हणं. दर बारीला.”

तो मथळा मी कधी छापला नाही. दुकानात नियम मात्र एक केला. जागा कमी पडली तर डिस्क वाढवायची. माणसाला काय नको, ते त्यालाच विचारायचं.