बाई बसत नाहीत

माझी अंबूआत्या धारवाडच्या एका मराठी शाळेत गणित शिकवायची. तासाला ती कधी खुर्चीत बसली नाही, म्हणून मुली तिला कडक समजायच्या. कडक कसली डोंबलाची! बसलं की तिची कंबर धरायची, हे आम्ही घरच्यांनीही कधी मनावर घेतलं नाही.

चौऱ्याण्णव साली माझ्या अप्पांची, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाची पाठ धरली. आत्या त्यांना हुबळीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. एक्स-रेत सगळं स्पष्ट दिसलं. मणक्यांच्या सांध्यांना सूज, हळूहळू कणा आखडत जाणार. अप्पांच्या दुखण्याला वर्षाच्या आत नाव मिळालं, गोळ्या मिळाल्या, जाडजूड फाईल झाली. दर खेपेला ती फाईल आत्याच्या हातात.

एकदा ती म्हणाली, "डॉक्टर, मलाही अगदी असंच होतं. सकाळी तासभर वाकता येत नाही."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "हा पुरुषांचा रोग. बायकांच्या पाठी बाळंतपणानं जातात."

"माझं लग्न झालेलं नाही."

"मग ओझं उचलू नका. विश्रांती घ्या."

तिचाही एक्स-रे काढला. स्वच्छ निघाला. झालं, विषय संपला! विश्रांतीनंच तिचं दुखणं वाढायचं. आजार रेड्याला अन् इंजेक्शन पखालीला, ते हेच.

घरी अप्पांचा थाट काय वर्णावा. गरम पाण्याची पिशवी, पाठीला उशी, बादली उचलायची नाही. उचलायची आत्यानं. आई म्हणायची, "वन्संना कामात दुखत नाही, बसल्यावर दुखतं. असलं कसलं की दुखणं?" मीही हसायचे. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

अशी बारा वर्षं गेली. दोन हजार सहा साली आत्याच्या नोकरीला पंचवीस वर्षं झाली म्हणून शाळेनं सत्कार ठेवला. भेट काय दिली असेल? आरामखुर्ची! मुख्याध्यापक मुकुंदराव कौतुकानं म्हणाले, "पंचवीस वर्षं उभ्या राहिलात. आज तरी बसा की हो बाई." आणि दीड तास भाषणं ऐकायला तिला त्याच खुर्चीत बसवलं.

आभार मानायला तिचं नाव पुकारलं, तर तिला उठताच येईना. सगळे म्हणाले, बाईंना गहिवरून आलं. टाळ्यासुद्धा वाजवल्या! समोर बसलेली तिची जुनी विद्यार्थिनी वेदश्री मात्र धावत आली. ती सांधेदुखीची डॉक्टर झाली होती.

"बाई, सकाळी उठल्यावर किती वेळ कंबर आखडते?"

"तासभर."

"चाललं की मोकळं होतं?"

आत्या सगळ्यांसमोर रडली. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

हुबळीला एमआरआय झाला. अप्पांचाच रोग निघाला. वेदश्री म्हणाली, शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच इथे सांध्यांवर उलटते. बायकांमध्ये त्रास तेवढाच, पण हाड सहसा पुरुषांइतकं लवकर बदलत नाही. म्हणून एक्स-रे वर्षानुवर्षं स्वच्छ राहू शकतो.

"असा फरक का?" आत्यातली मास्तरीण जागी झाली.

"अजून नीट कळलेलं नाही, बाई. अभ्यासात बहुतेक पुरुषच घेतले गेले."

"का?"

"हा पुरुषांचाच रोग मानला होता ना."

"म्हणजे बायका मोजल्याच नाहीत, आणि वर म्हणाले बायका नाहीत. चौथीतल्या पोरीनं असं गणित मांडलं असतं, तर वर्गाबाहेर काढली असती मी तिला."

घरी आलो, तर अप्पा त्याच आरामखुर्चीत पेपर वाचत होते. रिपोर्ट ऐकून त्यांचे डोळे पाणावले. खरंच पाणावले, ते वाईट माणूस नाहीत. पण बोलले काय, तर "अक्का, तू कधी सांगितलंच नाहीस की गं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्या मात्र शांत होती. आपली नवी फाईल तिनं त्यांच्या मांडीवर ठेवली.

"सांगितलं होतं, प्रभंजन. तू शेजारीच बसला होतास आणि तुझी फाईल माझ्या हातात होती. आता ही तू धरायचीस. सोमवारी नऊची बस आहे."

अप्पांनी फाईल दोन्ही हातांनी धरली.

"आणि ऊठ त्या खुर्चीतून," ती म्हणाली, "बसून राहिलास तर पाठ धरेल."