नाथाजीचे सोळा लिटर

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. घरी दूध आलं की मी त्यात बोट बुडवून बघायचो, वाण्यानं बांधून दिलेली डाळ पुन्हा तोलायचो, आणि पाहुणा जरा गोड बोलायला लागला की हा आता काय मागणार, याचा अंदाज बांधत बसायचो. अशा माणसाला इस्लामपूरच्या बाजूच्या एका साखर कारखान्यानं १९७३ साली तेलपंपावर कारकून म्हणून नेमलं. नोकरी जणू माझ्यासाठीच काढली होती.

त्याच हंगामात तेल एकाएकी भडकलं. अरबांनी हात आखडला, असं पेपरात यायचं. आमच्या वाहतूक अधिकाऱ्यांनी मला बोलावून सांगितलं, नानासो, ऊस ओढणाऱ्या गाड्यांवर डोळा ठेवा, विशेषतः पेट्रोलवाल्या. आमच्याकडं पेट्रोलवर चालणारा ट्रक एकच उरला होता. लष्कराच्या लिलावातून आणलेला, हिरवा रंग पोपडे धरलेला. तो नाथाजी चालवायचा.

नाथाजी शिराळ्याच्या अलीकडच्या गावचा. पंधरा वर्षं फौजेत ड्रायव्हर होता, अशाच गाड्या त्यानं लडाखच्या बाजूला चालवल्या होत्या. उंच, सडसडीत, मिशी कातरलेली, खाकी शर्टाचं वरचं बटण भर उन्हातसुद्धा लावलेलं. बोलायचा कमी. सकाळी गाडी चालू करण्याआधी चारी बाजूंनी फिरून यायचा, प्रत्येक चाकाला लाथ मारून बघायचा. मला हे सगळं नाटकी वाटायचं. इतका सरळ माणूस बघितला की माझा संशय आणखी वाढायचा.

शिराळ्याच्या बाजूच्या फडातून ऊस आणायचा म्हणजे जाऊन येऊन चाळीस किलोमीटर. डिसेंबरपर्यंत नाथाजी नुसता ट्रक भरून आणायचा आणि संध्याकाळी टाकी पुन्हा काठोकाठ भरायला दहा लिटर पेट्रोल लागायचं. मग ऊस वाढला म्हणून ट्रकामागं ट्रेलर जोडायचं ठरलं. पहिल्याच आठवड्यात नाथाजीची टाकी सतरा लिटर मागायला लागली. लालासाहेब नावाचा दुसरा ड्रायव्हर त्याच रस्त्यावर डिझेलची गाडी चालवायचा. त्याला ट्रेलरशिवाय आठ लिटर लागत होते, ट्रेलर जोडल्यावर दहा.

आता यात मला चोरी दिसली नसती तर नवल. माझा बाप जावळीचा शेतकरी, मेढ्याच्या डोंगरात नांगर धरणारा. लहानपणापासून मी बैल बघितलेले. बैलगाडी रिकामी असो की भरलेली, संध्याकाळी बैलापुढं पेंढी तेवढीच पडते. फार तर मालक मूठभर पेंड जास्त घालतो. लालासाहेबाची गाडी अशी बैलासारखी शहाणी होती, ओझं वाढलं तर दोन लिटर जास्त. मग नाथाजीच्या गाडीला सात लिटर जास्त का? म्हणजे पाच लिटर जात होते कुठंतरी. मी ही गोष्ट अधिकाऱ्यांना बैलाच्याच भाषेत सांगितली. तेही ऊसवाल्याच्या घरचे. त्यांना लगेच पटली.

नाथाजीला बोलावून विचारलं. तो ताठ उभा राहून म्हणाला, "साहेब, ट्रेलर जोडला की पेट्रोलची गाडी लय पिती. डिझेलचं तसं न्हाई, ते वझ्याखाली बी सबुरीनं खातंय. फौजेत आमी हे बघिटलंय."

आम्ही दोघंही हसलो. गाडीवर ढकलणं सोपं, गाडी काही बोलत नाही, असं मी वर म्हणालो.  तो बाहेर जाऊन गाडीला फेरी मारून आला.

त्या दिवसापासून मी त्याच्या मागंच लागलो. तो आला की टाकीत काठी घालून तेल मोजायचो. आकडा सतरावरून सोळावर आला, तेव्हा गडी भ्यालाय म्हणून कमी काढतोय, असं मी धरलं. ही गोष्ट ड्रायव्हरांमध्ये पसरली, तिथून फडात, फडातून त्याच्या गावात. "फौजी पेट्रोल विकतोय," असं लोक पारावर बोलायला लागले. त्यात संक्रांतीनंतर लालासाहेब माझ्याकडं आला आणि हळूच सांगून गेला, की ऊस भरताना नाथाजी गाडीआड जातो, टाकीपाशी बाटली घेऊन उभा असतो, त्यानं स्वतः दोनदा बघितलंय. झालं. मला आणखी काय हवं होतं? अधिकाऱ्यांनी सांगितलं, आठ दिवसांत पुरावा द्या, मी त्याला काढतो, आणि का काढलं ते नोटीस बोर्डावर लावतो. कारखान्याच्या फाटकावर चोर म्हणून नाव लागलेल्या माणसाला त्या भागात पुन्हा कुणी गाडीवर बसू दिलं नसतं. फौजेची पंधरा वर्षंही कामाला आली नसती.

मळीच्या टाक्यांना तार आणि शिशाचं सील लावतात, तसलं सील मी मागवलं. सकाळी टाकी भरली की झाकणाला तार ओवायची, पकडीनं शिसं दाबायचं. टाकीच्या तळाच्या बुचालाही तसंच. शिवाय मी स्वतः नाथाजीच्या शेजारी बसून जायचो. पाच दिवस गेलो.  चढ आला की गाडी अशी आरडायची की केबिनमध्ये आपला आवाज आपल्याला ऐकू येऊ नये. मी मात्र आरशातून टाकीकडं बघत होतो.

संध्याकाळी मी सील तोडायचो आणि टाकी भरायचो. माझा कयास असा, की आता बारा लिटरच लागतील आणि चोर सापडेल. पहिल्या दिवशी लागले सतरा. दुसऱ्या दिवशी सतराच्या थोडे वरच. पाचही दिवस तसंच. सील शाबूत, मी शेजारी बसलेला, आणि पेट्रोल आधीपेक्षा जास्त गेलेलं!

दुसरा कुणी असता तर तिथंच वरमला असता. माझा संशय उलट दुप्पट झाला. हा गडी माझ्या नाकाखालून तेल काढतोय, म्हणजे किती पोचलेला असेल, असं मला वाटलं. मी गाडीखाली पाठीवर झोपून नळी न् नळी चाचपली. कपडे तेलानं माखले, हाती काही लागलं नाही. मग एकच जागा उरली, त्याचं घर.

सुट्टीच्या दिवशी तो बाजाराला गेल्याचं बघून मी त्याच्या गावी गेलो. त्याची बायको अंजना अंगणात शेंगा फोडत होती. कारखान्यातून आलोय म्हटल्यावर तिनं पाट दिला, पाणी दिलं. मी पाणी पीत गोठ्याकडं बघितलं. वैरणीच्या मागं पत्र्याचा डबा होता. उठून झाकण उघडलं, आत पेट्रोल. चोरी पकडल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता, हे सांगायला आज लाज वाटते.

मी डबा उचलून अंगणात आणून ठेवला आणि विचारलं, हे काय आहे?

अंजनाचा चेहरा उतरला, पण घाबरून नाही. ती माझ्याजवळ आली, दाराकडं बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आवं, तेच मी तुमास्नी इचारणार हुते. पेन्शन आली की सगळीच्या सगळी इस्लामपूरच्या पंपावर जातीया. सकाळी जाताना शिसाभर डब्यातनं वतून न्हेत्यात. कारखान्यात तेल पदरचं घालाय लागतंय व्हय? का तिकडं त्येंचं दुसरं बिऱ्हाड हाय? खरं काय ते सांगा."

तिलाही संशयच होता, फक्त वेगळा.  मी पाटावर बसलो आणि मनातल्या मनात मोजलं. रोज एक बाटली, जेमतेम लिटर. सील लावल्यापासून रोज लिटरभर जास्तच गेलं होतं. फडात ऊस भरताना तो टाकीपाशी बाटली घेऊन उभा राहायचा तो काढायला नव्हे, घालायला. गाडी खरंच सतरा लिटर पीत होती, आणि माझ्या काठीवर ती सोळा दिसावी म्हणून हा माणूस स्वतःची पेन्शन टाकीत ओतत होता.  अंजनाला एवढंच म्हणालो, की दुसरं बिऱ्हाड वगैरे काही नाही, तुमचा नवरा सोन्यासारखा आहे. तिला ते पटलं की नाही, कळलं नाही.

नाथाजी मला गावाच्या वेशीवर भेटला, हातात पिशवी घेऊन येत होता. मी सायकलवरून उतरलो. असं का केलंस, पदरचं तेल घालायची काय गरज होती, आम्हाला पुन्हा सांगायचं होतं, असं काहीबाही बोललो.

त्यानं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "एकदा सांगिटलं, तुमी हसला. तुमी टाकीत काठी घालायचा न्हवं का, तवा काठीकडं कवा बघिटलं न्हाई. माझ्या तोंडाकडं बघायचा. म्हटलं, लिटरभर कमी दिसलं तर ह्यो मानूस माझ्याकडं बघायचं सोडंल."

सोमवारी मी अधिकाऱ्यांपुढं सगळं सांगितलं, माझ्या बैलाच्या हिशेबासकट. त्यांनी खात्रीसाठी लालासाहेबाला पेट्रोलच्या गाडीवर बसवलं आणि नाथाजीला डिझेलच्या. ट्रेलर जोडलेली ती हिरवी गाडी लालासाहेबाच्या हाताखाली साडेअठरा लिटर प्यायली. नाथाजीनं डिझेलची गाडी साडेनऊ लिटरमध्ये आणली. फाटकावर नोटीस लागली नाही. पेट्रोलची गाडी हंगाम संपताच भंगारात गेली आणि नाथाजीला नवीन डिझेलचा ट्रक मिळाला. मी सगळ्या ड्रायव्हरांसमोर त्याची माफी मागितली. तो म्हणाला, असू द्या.

नव्या ट्रकाच्या पहिल्या दिवशी मी त्याची टाकी भरली, झाकण लावलं आणि त्याला जायला हात केला. तो खाली उतरला, गाडीला फेरी मारून माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"सील लावा," तो म्हणाला.

मी म्हणालो, नाथाजी, आता त्याची गरज नाही, मला लाजवू नका. तो हलला नाही. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. शेवटी मी आत जाऊन तार आणि पक्कड घेऊन आलो. त्यानं सील ओढून बघितलं, मगच गाडी काढली. पुढची सहा वर्षं, तो निवृत्त होईपर्यंत, रोज सकाळी त्यानं माझ्याकडून ते सील लावून घेतलं, आणि मी शिसं दाबत असताना तो माझ्या तोंडाकडं बघत उभा राहायचा.