सोपा दे आहो

"ह्याला तुमच्यात काय म्हणतात?"

एका हातात कांदा नाकासमोर धरायचा, दुसऱ्या हाताने पदर कपाळावर ओढायचा आणि भुवया उंचावून विचारायचे. काकू आठवल्या की मला आधी ही उंबऱ्याबाहेरची मूर्ती दिसते. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल, जिचा जन्म चुलीपाशी गेला आणि ज्या चुलीवर तिला हवे ते कधी शिजले नाही.

नाशिक रोडजवळच्या एका आरोग्यधामात मी नर्स होते. क्षयाचे रोगी कोरड्या हवेसाठी तिथे येत. काकू हिंदू रोग्यांचा सोवळ्यातला स्वयंपाक करत. मांस-अंड्यांची चूल वेगळी होती, ती एक म्हातारे खानसामा सांभाळत. काकू लहानपणीच विधवा झालेल्या. केस उतरवलेले, अंगावर लाल आलवण. राहायच्या पंचवटीत, भिक्षुकी करणाऱ्या दिराच्या घरी. घरात पगार येतो म्हणून दिराने कामापुरती मोकळीक दिली होती. दिवेलागणीला घरात हजर पाहिजे, हे मात्र बजावले होते.

अशात एक स्पॅनिश बाई उपचारांसाठी आली. तिचा नवरा मुंबईत व्यापार करायचा. स्पेनमध्ये यादवी पेटली तेव्हा तो आईला आणायला गेला आणि त्याची खबर यायची थांबली. बाईला ना परत जाता येत होते, ना इथे कुणाशी बोलता येत होते. इंग्रजी तिला तुटपुंजेच येई. ती जेवेना. एकदा ती "पान, पान" म्हणाली, तर वॉर्डबॉयने धावत जाऊन नाक्यावरून विडा बांधून आणला. तिला पाव हवा होता.

हे ऐकून सगळे हसले. काकू हसल्या नाहीत.

"सिस्टर, तिला भूक आहे गं," त्या मला म्हणाल्या. "काय हवंय ते कुणाला सांगता येत नाही, एवढंच."

तेव्हापासून दुपारची आवराआवर झाली की काकू सुपात भाजी-शिधा घेऊन बाईच्या खोलीबाहेर उभ्या राहू लागल्या. कांदा म्हणजे सेबोया. पाणी म्हणजे आग्वा. "अगं बाई, पाण्यात आग!" काकू कपाळाला हात लावायच्या. मिठाला साल म्हणतात हे कळायच्या आधी एक गंमत झाली. बाईने बटाट्यावर 'साल' मागितली, तर साल राहिलीय असे समजून काकूंनी तोच बटाटा आत नेऊन आणखी खोल सोलून आणला. बाई हसली. इतकी हसली की खोकल्याची उबळ आली आणि मला धावावे लागले.

मग एके दिवशी लसूण निघाला. काकूंच्या स्वयंपाकात तो वर्ज्य. खानसाम्यांच्या टोपलीतून पळसाच्या पानावर घेऊन आल्या होत्या.

"आहो," बाई म्हणाली.

"काय?"

"आहो, आहो."

काकू तोंडाला पदर लावून हसत खालीच बसल्या. जरा वेळाने हळूच मला म्हणाल्या, "मला कुणाला अहो म्हणायची वेळच आली नाही. लग्नात बोलायची अक्कल नव्हती, आणि ती येईपर्यंत ते राहिले नाहीत. आता म्हणते, तर लसणाला!"

बाईने हातवारे करून एक पदार्थ सांगितला. तेलात लसूण परतायचा, त्यात शिळा पाव, पाणी, वर अंडे. तिच्या गावी आजाऱ्याला देतात. नाव सोपा दे आहो, म्हणजे लसणाचे सूप. खानसाम्यांनी करून पाहिला, पण त्यांचा हात मसाल्याकडे गेल्यावाचून राहीना. बाईने वाटी सारली. एका दुपारी काकू उठल्या आणि पदर खोचला.

"मी करते."

"काकू, लसूण? अंडं?"

"नदी आहे ना घराजवळ. जाताना बुडी मारीन."

बाईने ती वाटी पुसून खाल्ली आणि काकूंचा हात धरला. काकूंनी तो सोडवला नाही.

बाईचे वजन वाढू लागले. तिची बहीण अर्जेंटिनात होती, तिने तिकडे बोलावले. बाई म्हणाली, काकूंनाही घेऊन जाते. स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात देते.

"तिथे मला कुणी ओळखणार नाही?" काकूंनी मला विचारले.

"कुणीही नाही."

"म्हणजे केस राखले तरी चालतील?"

त्या महिन्यात न्हावी आला की काकूंचे डोके दुखू लागे. पदराखाली बोटभर केस आले. कणीक तिंबताना त्या स्पॅनिश शब्द पुटपुटत आणि मधूनच पदरात हात घालून केस चाचपत.

दिराला आधी हातांचा वास आला, मग केस दिसले. आरोग्यधामात येऊन तो डॉक्टरांवर ओरडून गेला. काकू यायच्या बंद झाल्या.

बाई निघायच्या दिवशी मी पंचवटीत गेले. मी शरणपूरची ख्रिस्ती, म्हणून दिराच्या बायकोने अंगणातच थांबवले. काकू बाहेर आल्या. डोके नुकतेच केलेले, कानामागे वस्तरा लागलेला.

"दीर घरी नाहीत ना? टांगा कोपऱ्यावर आहे," मी पुटपुटले. "काकू, चला."

त्या उघड्या दाराकडे बघत राहिल्या. आतून म्हातारा आवाज आला, "कुठे गेलीस गं?"

"आले हं," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "सासूबाई. परकरात आले मी ह्या घरात, ह्यांनीच कुशीत निजवलं. पहिल्यांदा न्हावी बोलावला तेव्हा माझा हात धरून रडत बसल्या होत्या. आता डोळे गेलेत. माझ्या हातूनच खातात. मी गेले तर कोण भरवील?"

"आणि तुमचं काय?"

"माझं काय? जेवतेय की."

संध्याकाळी बाई डब्याच्या दारात उभी राहिली होती. गाडी हलली तरी ती फाटकाकडेच बघत होती.

पुढे माझी बदली झाली. त्याआधी मी काकूंना एकदाच पाहिले, मागच्या दारातून. सासूबाईंना दूधभात भरवत होत्या.

"अरोस," काकूंनी घास पुढे केला. "कोन लेचे."

"ही कुठली गं भाषा?" सासूबाईंनी विचारले.

"माहेरची," काकू म्हणाल्या.

म्हातारीने मान हलवली आणि आ केला.