लाकडी पायावरचा मास्क

माझी धाकटी आत्या बुटांच्या दुकानात उभी राहून म्हातारी झाली. उभी राहून असं मी मुद्दाम म्हणते, कारण तिथे बसायचा मान फक्त गिऱ्हाइकाला होता. आत्या एक तर उभी असायची, नाहीतर गिऱ्हाइकाच्या पायाशी गुडघ्यावर. हातात पाय मोजायची पट्टी, कानामागे पेन्सिल आणि तोंडात एकच प्रश्न, "कुठे चावतोय का?"

गंमत म्हणजे हे विचारताना ती पायाकडे बघायचीच नाही, चेहऱ्याकडे बघायची. एखाद्याचं बुटावर मन बसलं की तो धडधडीत खोटं बोलतो, असं तिचं म्हणणं. पाय आतून ठणकत असला तरी तो "छे छे, अगदी मऊ आहे" म्हणणार. भुवयांना मात्र खोटं बोलता येत नाही. भुवया जवळ आल्या की आत्या मुकाट्याने बूट काढून घ्यायची आणि एक नंबर मोठा आणायची. पुढे अंगठाभर जागा हवी, हे तिचं ब्रह्मवाक्य. मालक कुरकुरायचा, "अहो, त्यांना आवडलाय ना, मग घेऊ द्या की." आत्या त्याला भीक घालायची नाही. कुणाचा बूट वापरून आवळायला लागला तर तिच्याकडे लाकडी पाय होते, मधे स्क्रू असलेले. ते बुटात घालायचे, स्क्रू फिरवायचा, रात्रभर तसंच ठेवायचं, की चामडं ताणून सैल होतं. निवृत्त होताना तिने दुकानातून ती लाकडी जोडी तेवढी मागून आणली. घरात तिचा उपयोग शून्य. तरी दर आठवड्याला ती पुसली जायची.

आत्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा थोरल्या आत्याने आपली एक काढून दिली. कपाटातली जुनी शाल काढून द्यावी तशी दिली. निदान थोरलीचा आव तरी तसाच होता. ऑपरेशननंतर धाकटीला चाकाच्या खुर्चीतून तिच्या पलंगाशी नेलं. "दुखतंय का गं?" धाकटीने विचारलं. "कुठे काय? नखाएवढंसुद्धा नाही," थोरली म्हणाली. धाकटीला तिच्या भुवया दिसल्या आणि ती गप्प बसली.

"दुकानात मी कुणाला सोडलं नाही," ती मला नंतर कितीदा तरी म्हणाली, "आणि हिला सोडलं. पुन्हा विचारायचा धीरच झाला नाही."

पुढे थोरली परदेशात मुलाकडे राहायला गेली. विमानाशिवाय गाठ पडणार नाही इतकी लांब. या वर्षी मुलाचा फोन आला, की आईचं पोटाचं ऑपरेशन ठरलंय, आणि ती म्हणतेय किरकोळ आहे. धाकटीने लगेच फोनवर तिचं तोंड बघायला मागितलं. थोरलीला फोन धरता येत नाही म्हणावं, की मुद्दाम धरत नाही म्हणावं; पण आम्हाला नेहमी तिचं कपाळाचं टोक आणि छताचा दिवा एवढंच दिसायचं.

"फोन खाली घे. चेहरा दाखव," धाकटी ओरडायची.

"अगं, दिसतेय की मी. किरकोळ आहे सगळं," दिवा म्हणायचा.

शेवटी आत्याने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "मला तिकडे ने. तिच्या ऑपरेशनच्या आधी. तिचं तोंड समोर बघितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही." तिचा आवाज इतका साधा होता, की मी नेहमीसारखी चेष्टा केली नाही.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. दुसऱ्याची किडनी शरीराने नाकारू नये म्हणून आत्या ज्या गोळ्या घेते, त्यांनी तिची प्रतिकारशक्ती निम्मी झालेली. ज्या सर्दीत बाकीचे दोनदा शिंकतात, तीत ही दवाखान्यात भरती व्हायची. "जायला हरकत नाही," ते म्हणाले, "पण चेहऱ्याला घट्ट चिकटणारा मास्क हवा, आणि तो आमच्याकडे तपासून घ्यायचा. तपासणीत बसला नाही, तर प्रवास रद्द. मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

मग आमची मास्कखरेदी सुरू झाली. आत्याने आयुष्यभर गिऱ्हाइकांचे नखरे सोसले होते, ते सगळे तिने त्या औषधांच्या दुकानात व्याजासकट वसूल केले. फुलाफुलांचा कापडी मास्क तिला फार आवडला. नाकाच्या बाजूने त्यात बोट जात होतं. निळा कागदी मास्क गालाशी उघडा राहिला आणि श्वासागणिक तिचा चष्मा धुरकट झाला. वाटीसारखा कडक मास्क हनुवटीवर टेकेना. ती प्रत्येक मास्क घालून आरशासमोर उभी राहायची, दुकानात एक फेरी मारायची, बसायची, वाकायची आणि म्हणायची, "दुसरा दाखवा." दुकानदार बिचारा घामाघूम. मी बाहेर जाऊन चहा पिऊन आले तरी हिच्या फेऱ्या चालूच.

शेवटी हॉस्पिटलातल्या नर्सबाईंनीच एक होडीसारखा घडीचा मास्क दिला, लहान मापाचा. कानात अडकवायचा नाही. दोन इलास्टिकच्या पट्ट्या, एक डोक्याच्या मागे उंच आणि एक कानांखालून मानेवर. वरची पट्टी आत्याच्या अंबाड्यावरून घसरत होती, म्हणून अंबाडा खाली मानेजवळ आला. नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून नाकाच्या आकाराची करायची.

"चावतोय," आत्या म्हणाली.

"थोडा घट्टच असतो," नर्सबाई म्हणाल्या. "घरी घालून सवय करा. परवा तपासणी."

"घट्ट माल मी जन्मात कुणाला विकला नाही," आत्या बाहेर येता येता पुटपुटली. मी लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

परवाच्या दिवशी आत्या मास्क घालून खुशीत खुर्चीवर बसली. नर्सबाईंनी तिच्या डोक्यावर पांढरी टोपी चढवली. टोपी कसली, खांद्यापर्यंत येणारी पिशवीच, समोर पारदर्शक खिडकी असलेली. आधी मास्क काढून एक कडू फवारा आत सोडून चव दाखवली होती. तेव्हा आत्याने असं तोंड केलं होतं की बघणाऱ्याला कडू लागावं. आता मास्क घालून तोच फवारा. चव लागली नाही तर मास्क पक्का. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, वाकून उठा, मोठा श्वास घ्या. मग नर्सबाई म्हणाल्या, "आता काहीतरी बोलत राहा."

"या, बसा," आत्या त्या पिशवीतून सुरू झाली. "रोजच्या वापराला हवेत की समारंभाला? टाच वर आली तर सांगा. दुसराही पाय घाला, एका पायावर कुणी घरी जात नाही." आणि इथे खिडकीतल्या भुवया एकमेकींना जाऊन भिडल्या.

"कडू लागतंय का?" नर्सबाईंनी विचारलं.

"छे छे. अजिबात नाही."

मला आधी हसू आलं आणि मग इतका राग आला की बस. हेच "छे छे" तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून परतवून लावलं होतं. "लागतंय तिला," मी म्हणाले. "तिच्या भुवया बघा."

"तू गप गं!" आत्या पिशवीतून खेकसली.

नर्सबाईंनी टोपी काढली. आत्याचे डोळे भरले होते. "नाही बसला म्हणालात तर डॉक्टर मला जाऊ देणार नाहीत," ती म्हणाली. "तिकडे ती एकटी दुखणं लपवून बसलीय." मग नर्सबाईंनी मास्क हातात घेऊन पट्टी ताणून बघितली. ती कपडे वाळत घालायच्या जुन्या दोरीसारखी सैल पडली.

"नवीन दिला होता मी. याचं असं कसं झालं?"

आत्या जमिनीकडे बघू लागली. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "आत्या, तू हा लाकडी पायावर चढवलास?"

"दोन रात्री," आत्या म्हणाली. "स्क्रू जरासाच फिरवला होता."

नर्सबाई हसता हसता खुर्चीत बसल्या. डोळे पुसून त्यांनी आत्याचा हात धरला. "आजी, बुटात पायाला जागा लागते. इथे जागा ठेवली की तिथूनच हवा आत येते. हा चावायलाच हवा." आत्याने ते मन लावून ऐकलं. आयुष्यभराचं ब्रह्मवाक्य असं एका खुर्चीत बसून सोडायचं म्हणजे काही सोपं नव्हतं. पण मग ती स्वतःच म्हणाली, "दुसरा दाखवा."

त्याच मापाचा कोरा मास्क आला. पुन्हा टोपी, पुन्हा फवारा, पुन्हा टाचा आणि समारंभ.

"कडू?"

"नाही."

"चावतोय?"

"चांगलाच."

"मग बसला," नर्सबाई म्हणाल्या.

विमानात चढण्याआधी आत्या पोटभर जेवली. तपासणीच्या रांगेत अधिकाऱ्याला चेहरा दाखवण्यापुरता मास्क खाली आला, तो तिने पुन्हा तार दाबून, दोन्ही हात कडेने फिरवून, जोरात फुंकर मारून बसवला. कुठून हवा निसटत नाही ना, हे बघायला नर्सबाईंनीच शिकवलं होतं. आजूबाजूचे जेवत होते तेव्हा ती खिडकीतून ढग बघत बसली. "चावतोय का?" मी अधूनमधून विचारायची. ती मान हलवून नाही म्हणायची. मी पुढे विचारलं नाही, आणि भुवयांकडे तर बघितलंच नाही.

थोरली खिडकीशी आरामखुर्चीत बसली होती. किती बारीक झाली होती! फोनमधल्या त्या कपाळाने आम्हाला चांगलंच फसवलं होतं. आत्याने हातपाय धुतले, खिडकी उघडली आणि मगच मास्क काढला. नाकाच्या हाडावर लालभडक वळ उठला होता, गालांवर दोन्हीकडे खोल रेघा.

"अगं बाई, हे काय झालं!" थोरली म्हणाली. "चावला का गं?"

"चावला," आत्या म्हणाली. "सगळी वाट चावला. नाक तर सोलून निघालंय."

मग ती थोरलीच्या पायाशी गुडघ्यावर बसली, दुकानात बसायची तशी, आणि मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "मी खरं सांगितलं. आता तू सांग. दुखतंय का?"

"कुठे का..." थोरलीने सुरुवात केली. आत्या नुसती बघत होती. थोरलीचे ओठ थरथरले.

"दुखतंय गं," ती म्हणाली. "फार दुखतंय. आणि भीती वाटते."

"आणि तेव्हा? माझ्या वेळी?"

"तेव्हा पण दुखलं होतं."

"माहीत होतं मला," आत्या म्हणाली. तिने थोरलीच्या पायातल्या सपाता हलकेच काढल्या. पाय सुजले होते, सपातांचे काठ कातडीत रुतले होते. आत्याने ते पाय मांडीवर घेतले आणि त्या वळांवरून अंगठा फिरवत राहिली.

"एक नंबर मोठ्या हव्यात तुला," ती म्हणाली. "उद्या आणते."