निमकर मावशींचं 'नाही'

निमकर मावशींना कुणाला नकार द्यायचा असला, की त्या आधी चहा मागवायच्या. अमरावतीच्या एका सरकारी बँकेत त्या कर्जविभाग सांभाळत. शिपायाने कप समोर ठेवला की नवख्या अर्जदाराचा चेहरा खुलायचा, आणि मावशी म्हणायच्या, "पिऊन घ्या. रिकाम्या पोटी 'नाही' ऐकलं की माणसाले चक्कर येते." त्या हे थट्टेने म्हणत नसत. समोरचा खरोखर शेवटचा घोट घेईपर्यंत थांबत आणि मगच फाइल मिटत. बाजारात तर ती म्हणच झाली होती. बँकेतून परतलेल्या माणसाला लोक विचारायचे, "काय भाऊ, चहा पाजला काय?"

त्या आमच्याच गल्लीत राहायच्या. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. माझ्या सुधाकरदादाला सायकल त्यांनीच शिकवली होती. तेव्हाही तो पडला की उचलायच्या नाहीत. "हात पाय हालतात ना? मंग ऊठ," एवढंच.

दादाने वलगाव रोडवर बेकरी काढली ती सरकारी योजनेतल्या कर्जावर, आईचं घर तारण ठेवून. त्याचा सगळा माल, टोस्ट आणि खारी, कॉलेजांच्या कॅन्टीनमध्ये जायचा. टाळेबंदीत कॉलेजं बंद पडली आणि भट्टी थंड झाली. पुढे लहान उद्योगांना कर्जात सवलती मिळणार असं जाहीर झालं, तेव्हा दादा मला घेऊन बँकेत गेला. मी शाळेत शिकवते, बोलताना अडलो तर ही सांभाळून घेईल, असं त्याला वाटलं असावं.

"मावशी, हप्ते थोडे महिने थांबवून द्या," तो म्हणाला.

"इथं मॅडम म्हण. मावशी घरी." त्यांनी घंटी वाजवून चहा सांगितला. दादाचा चेहरा तिथेच उतरला.

चहा संपल्यावर त्यांनी खणातून टोस्टचा एक पुडा काढून टेबलावर ठेवला. कुठल्याशा मोठ्या कंपनीचा होता. "तुझ्या कॅन्टीनवाल्याले भेटून आली मी काल. कॉलेज उघडलं की हाच माल ठेवणार म्हणते तो. खाऊन पाह्य."

रांगेतली माणसं बघत होती. दादाने एक टोस्ट घेतला आणि चावला.

"कसा आहे?"

"बरा आहे."

"तुझ्यापेक्षा चांगला आहे. अन् स्वस्त. तुयी वाट कोणी पाहून नाही राहिलं, सुधाकर." मग त्या नेहमीच्या आवाजात सांगू लागल्या, "हप्ता थांबला म्हणून व्याज झोपत नाही, ते रात्रपाळी करते. मुदत वाढवली तं हप्ता लहान होईल, पण तुले तोही झेपणार नाही. एकच रस्ता आहे. भट्टी विक, मशीन विक, एकरकमी तडजोड कर. व्याज मी माफ करवून घेते. बेकरी जाते, घर राह्यते. हमीद गादीवाल्याले हेच सांगितलं. त्यानं ऐकलं."

हमीदभाईंना आम्ही ओळखत होतो. कापूस पिंजण्याचं यंत्र विकून ते एका कापड दुकानात रखवालदार झाले होते. घर वाचलं होतं, पण वडिलांच्या वेळचा धंदा गेला, म्हणून माणूस बायकोशीही धड बोलेनासा झाला होता.

दादा उठला. "मले हमीद करता?" एवढंच म्हणाला आणि बाहेर पडला.

पुढे त्याने एका पुढाऱ्याच्या माणसाला गाठलं. वरून फोन आला आणि हप्ते थांबले. सहीसाठी आम्ही गेलो तेव्हा मावशींनी चहा विचारला नाही. पेन उघडत म्हणाल्या, "मी सही करून राहिली. पण हे तुया आईच्या दाराले कुलूप लावून राहिली, ध्यानात ठेव."

दादा जिना उतरताना हसत होता. संध्याकाळी त्याने गल्लीत पेढे वाटले, मावशींच्या घरीही पाठवले. त्यांनी पुडा तसाच परत केला.

कॉलेजं उघडली, पण कॅन्टीनवाल्यांनी दादाचा माल घेतला नाही. सवलतीचे महिने सरले तेव्हा मुद्दलावर व्याज चढून बसलं होतं. तडजोडीची योजनाही तोवर बंद झाली होती. नोटिसा आल्या आणि मग जप्ती आली. मावशी स्वतः आल्या, पायी, दोन पोलिसांबरोबर. शेजाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, दुसऱ्या साहेबाला पाठवायचं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, "दुसरा आला असता तं जाता जाता 'होईल काहीतरी' म्हणून गेला असता. काही होत नाही."

आईने आतून विचारलं, "निमकरबाई, भात चुलीवर आहे. होऊ देऊ?"

"होऊ द्या," मावशी म्हणाल्या, आणि भात होईपर्यंत अंगणात उन्हात उभ्या राहिल्या. कुणी खुर्ची दिली नाही, त्यांनी मागितली नाही. मग आई भाताचं पातेलं पदरात धरून बाहेर आली आणि मावशींनी आपल्या हाताने कुलूप लावलं. आई नंतर वर्षभरही जगली नाही.

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. निवृत्त होऊन फार काळ झाला नव्हता. दारात माणसं जमेनात म्हणून मीही स्मशानापर्यंत गेले. बघते तर दादा एका बाजूला उभा. आता तो अकोल्यात दुसऱ्याच्या बेकरीत भट्टी सांभाळतो. मी फक्त बातमी कळवली होती, येईल असं वाटलं नव्हतं. चिता पेटेपर्यंत तो हलला नाही. मला बरं वाटलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "माफ केलंस ना दादा?"

"काहून माफ करू?" तो म्हणाला. "खरंच गेली का, ते पाहाले आलो होतो."

आम्ही चालत स्टँडवर आलो. अकोल्याची बस लागली होती. पायरीवर पाय ठेवून तो वळला. "बाई खोटं बोलली असती तं मी कधीचा विसरलो असतो. ती सगळं खरं बोलली, अन् मले तेव्हाही समजत होतं."

कंडक्टरने घंटी मारली. दादाला संध्याकाळी भट्टीवर हजर व्हायचं होतं. उशीर झाला की त्याचा मालक पगार कापायचा.