बाळकुमच्या रस्त्यावरचे ड्रायव्हरमामा

ड्रायव्हरमामा वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर पाऊल उचलून पलीकडे टाकायचे, आणि मोटारीत बसले की सायकलवाल्याला खड्ड्यात घालायचे. ही दोन्ही कामं ते सारख्याच शांतपणे करायचे. म्हणून लहानपणापासून त्यांच्याजवळ वाढूनही मला ते कळले, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आईवडील गेल्यावर मामांनी मला देवगडहून ठाण्याला आणलं. चरईत दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. मामींना माझं येणं पसंत नव्हतं आणि त्या ते लपवतही नसत. मामा मात्र पहाटे उठून स्वतःबरोबर माझाही चहा करायचे, बशीत ओतून निववून माझ्यापुढे सरकवायचे. माझं शिक्षण थांबवायची गोष्ट निघाली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "शिकेल. हिला काय मोटार हाकायचीय?" तो विषय तिथंच मिटला.

ते ठाणे-भिवंडी सर्व्हिस मोटारीवर, म्हणजे उतारूंच्या बसवर, ड्रायव्हर होते. मोटार एका शेठची. स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झाली असतील. सरकारी मोटारी येणार येणार म्हणत होते, पण आमच्या रस्त्यावर अजून शेठचंच राज्य होतं. मामा लढाईच्या काळात लष्करी ट्रक चालवायला शिकले होते, आणि पुढची गाडी दरीत गेली तरी आपण थांबायचं नाही, हे तिथंच त्यांच्या अंगात भिनलं होतं. धुतलेला पांढरा शर्ट, पांढरी पँट, कडक टोपी. स्टिअरिंगवर बसण्याआधी ते बाकड्यावर फडकं मारायचे आणि बोटं एकेक करून पुसायचे. बाया त्यांच्याकडे चोरून बघत. मलासुद्धा त्या वेळी ते माझे मामा आहेत याचा अभिमान वाटायचा.

"हॉर्न एकदाच द्यायचा," ते म्हणत. "दुसऱ्यांदा दिला की ती विनंती होते." एक भोंगा वाजवून सायकलवाला बाजूला झाला नाही, की मोटार त्याच्या अंगाला वाऱ्यासारखी घासून जायची. ठाण्याहून माजिवड्यामार्गे बाळकुमला जाणारा रस्ता तेव्हा अरुंद होता. दोन्ही अंगांना भातखाचरं, पुढे खाडीकाठचं दलदलीचं खाजण. त्यावर सकाळी गिरणीत येणारे कामगार, दूधवाले, भाजीवाले, मिठागरावर जाणारी माणसं, सगळी सायकलवर. मामा त्यांना 'दोन चाकांवर बसलेले पायी लोक' म्हणायचे. त्यांचा क्लीनर भिकू हा त्यांच्याच वयाचा, दात पडलेला माणूस. तो फूटबोर्डावर उभा राहून आकड्याच्या काठीनं सायकलवाल्याची टोपी उचलायचा. अशा टोप्या मोटारीत काचेच्या वर ओळीनं लटकलेल्या असत. उतारू हसत. एक हेडक्लार्क होते, रोज पुढच्या बाकावर बसणारे. ते तर टोपी मिळाली की टाळी द्यायचे. एखादा सायकलवाला तोल जाऊन चिखलात पडला, तर मागच्या खिडकीतून बघायला झुंबड उडायची.

मला बाळकुमच्या शाळेत मास्तरीण म्हणून नोकरी लागली, तेव्हा मी जुनी लेडीज सायकल घेतली. मामा म्हणाले, "मोटारीनं ये. मी तुला पुढे बसवीन."

"शाळा सुटते तेव्हा मोटार नसते, मामा. आणि त्या टोप्यांखाली मला बसवणार नाही."

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, "मग रस्त्यावर मला मामा समजू नकोस."

पहिल्याच आठवड्यात मागून भोंगा वाजला. एकदाच. तो कुणाचा हे मला ओळखू आलं, आणि ओळखीचा होता म्हणूनच मी बाजूला झाले नाही. मोटारीचा पत्रा माझ्या कोपराला लागला आणि मी सायकलसकट खाचरात गेले. मोटार थांबली नाही. खिडकीतून हसण्याचा आवाज आला, आणि त्यात ते हेडक्लार्कही होते. संध्याकाळी मी लंगडत घरी आले. मामांनी हळद उगाळली, पळीत गरम केली, फुंकर घालून निववली आणि माझ्या गुडघ्याला लावली. त्यांचा हात इतका हलका होता की मला जखम जाणवलीसुद्धा नाही. "साइड द्यायची असते, सुमे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दिलगिरीही नव्हती. मामी चुलीपाशी बसून म्हणाल्या, "बरी खोड मोडली."

दुसऱ्या दिवशी रस्त्यात मला धर्मा भेटला. धर्मा बाळकुमचा. पावसाळा-हिवाळा दूध घालायचा, उन्हाळ्यात मिठागरावर जायचा. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. पहाटे ठाण्यात रतीब घालून तो रिकाम्या किटल्या सायकलला अडकवून गावाकडे परतायचा, तीच माझी शाळेत जायची वेळ. माझा सुजलेला गुडघा बघून त्यानं विचारलं, "मोटारीन पाडला?"

"हो."

"तुजा मामा हाय ना तो?"

मी मान हलवली. त्यानं सायकलच्या किटल्या सारख्या केल्या. मग म्हणाला, "बाय, तू आतल्या कडंला चाल. भायेरचा वारा मी खातो."

तेव्हापासून तो रोज माझ्या उजव्या हाताला, मोटारींच्या बाजूला सायकल चालवायचा. फार बोलायचा नाही. मुलीला वाचता येतं का, एवढं मात्र दर दोन दिवसांनी विचारायचा.

त्या वर्षी सायकलवाल्यांनीही दात दाखवले. एका सायकलवाल्याची टोपी काढताना भिकूच्या काठीनं त्या माणसाचा कान फाटला, आणि दुसऱ्याच सकाळी बाळकुमच्या वळणावर बाभळीचे काटे पसरलेले होते. मोटारीची दोन चाकं बसली. गावची माणसं बांधावर ओळीनं बसून बघत होती. मामा पांढऱ्या कपड्यांनिशी धुळीत आडवे झाले, चाकं काढली, ट्यूबला ठिगळं लावली. एका म्हातारीनं बांधावरून विचारलं, "ड्रायवरदादा, घाई हाय का?" आणि सगळा बांध हसला. मी शाळेच्या दारातून हे बघत होते. मुलंही हसत होती. मी त्यांना आत घेतलं, पण खरं सांगायचं तर मलाही हसू आलं होतं.

मामांनी त्या संध्याकाळी आपले कपडे स्वतः धुतले. जेवले नाहीत. शेठनं त्यांना सगळ्या ड्रायव्हरांदेखत विचारलं होतं, "काय हो, सायकलवाल्यांना घाबरायला लागलात?" हे मला भिकूकडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची बशी पुढे आली नाही, आणि मला भीती वाटली.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. धर्मा आणि मी बाळकुमच्या अलीकडे ओढ्यावरच्या मोरीजवळ, त्या ठेंगण्या पुलापाशी, आलो होतो. मागून भोंगा वाजला. मी डावीकडे पार कडेला गेले, धर्माही माझ्या जवळ सरकला. याहून जास्त साइड द्यायला रस्ताच नव्हता. पलीकडची अर्धी बाजू मोकळी होती, समोरून काही येत नव्हतं. तरी मोटार आमच्या अंगावर आली. धर्माच्या किटलीची कडी फूटबोर्डाच्या दांडीत अडकली. मला एक ओरडणं ऐकू आलं, आणि माझ्या शेजारी एकदम कुणीच नव्हतं. मोटार त्याला सायकलसकट मोरीपलीकडे फरफटत घेऊन गेली.

मोटार थांबली. मामा उतरले. मी धावत होते, आणि धावता धावता मी पाहिलं, त्यांनी आधी मडगार्ड पाहिलं. त्यावर हात फिरवला. मग ते धर्माकडे वळले.

त्यानंतर मात्र त्यांनी त्याला एकट्यानं उचललं. पांढरा शर्ट लाल झाला. धर्माला मागच्या बाकावर आडवं ठेवून त्यांनी मोटार ठाण्याकडे वळवली. भिवंडीला जाणारे उतारू कुरकुरू लागले. हेडक्लार्क म्हणाले, "अहो, आमची कचेरी आहे. याला टांग्यात घाला की." मी धर्माचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तो डोळे उघडून माझ्याकडे बघत होता, पण त्याला बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळातच त्यानं प्राण सोडला.

खटला उभा राहिला. शेठनं वकील दिला. मोटारीत माणसं खच्चून भरलेली होती, पण पाहिलं कुणीच नव्हतं. टाळ्या देणारे हेडक्लार्क म्हणाले, मी वर्तमानपत्र वाचत होतो. भिकू म्हणाला, माझी पाठ होती. काचेवरच्या टोप्या कधीच नाहीशा झाल्या होत्या. उरले मी.

मामींनी माझे पाय धरले. मग पाय सोडून मला शिव्या दिल्या. "ज्याच्या ताटात जेवलीस त्यालाच तुरुंगात घाल. नाहीतरी आईबापाला खाऊनच आलीस." मामा ओट्यावर बसून नखं कापत होते. मामी आत गेल्यावर त्यांनी विचारलं, "पाहिलंस ते सांगणार?"

"हो, मामा."

"मग घुटमळू नकोस. घुटमळलीस तर वकील फाडून खाईल."

वकिलानं फाडलंच. "बाई, परपुरुषाला खेटून रोज सकाळी सायकल चालवायची, ही कुठल्या शाळेची शिस्त? काय बोलत होता एवढं, की मागचा हॉर्न ऐकू येऊ नये?" कोर्टात हशा पिकला. धर्माची बायको जनाबाय मागे उभी होती. तीही ते ऐकत होती. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द बोलावा, नुसती मान वर करावी, असं मला फार वाटलं. ते आपल्या बोटांकडे बघत होते.

मी म्हणाले, "तो बाहेरच्या बाजूनं चालायचा, कारण ह्याच मोटारीनं मला आधी एकदा खाचरात पाडलं होतं. ती हेच चालवत होते. हे माझे मामा आहेत."

हसू थांबलं. न्यायाधीशांनी मामांना विचारलं, हे खरं आहे का?

मामा म्हणाले, "आठवत नाही."

शिक्षा झाली, लायसन्स गेलं. शिपाई त्यांना घेऊन चालले होते, तेव्हा ते माझ्यापाशी थांबले. "घुटमळली नाहीस. बरं केलंस," ते म्हणाले. आणि त्याच सुरात, "आता घरी येऊ नकोस."

मी घरी गेले तेव्हा माझी ट्रंक जिन्यात ठेवलेली होती. जनाबायनं मला तिच्या घराची पडवी दिली. आभार मानून घेतले नाहीत. "तुजेपायी तो भायेरशी चालत होता," एवढंच म्हणाली, आणि माझ्यापुढे भाकरी ठेवली. मी तिथं राहिले. तिची मुलगी माझ्याजवळ बसून धडे वाचायची. जनाबाय दूध घालायला पायी जायची. सायकलला तिनं पुन्हा कधी हात लावला नाही.

मामा सुटून आले तोवर रस्त्यावर सरकारी मोटारी धावू लागल्या होत्या. मामी त्यांना घेऊन डोंबिवलीला आपल्या भावाकडे गेल्या. तिथं ते काही दिवस एका वखारीवर राखणदार होते. पुढे अर्धांगाचा झटका आला. हे कळलं तेव्हा मी गेले. मामींनी दार उघडलं, मला ओळखलं, आणि आत निघून गेल्या. दार मात्र उघडं ठेवलं.

मामा खाटेवर होते. उजवा हात मेला होता. पांढरा सदरा स्वच्छ होता, तो मामींचा गुण. मी त्यांना पेज भरवली. चार घास गेल्यावर ते जड जिभेनं म्हणाले, "तो बाहेरच्या बाजूला नसता तर वाचला असता."

"आतल्या बाजूला मी होते, मामा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे अगदी पूर्वीचेच होते, शांत. "माहीत होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी तोंड उघडलं. मी पुढचा घास भरवला. ओठाच्या कडेनं ओघळलेली पेज पदरानं पुसली. त्यांनी डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मी तो काढला नाही. त्यांना अजून काही सांगायचं होतं की नाही, मला माहीत नाही. मीही विचारलं नाही.

ते गेल्याचं मामींनी मला सगळं आटोपल्यावर कळवलं. निरोप आला तेव्हा मी पडवीत वह्या तपासत होते. वही मिटली आणि मला रडू फुटलं. जनाबाय आतून आली. दाराशी उभी राहिली.

"तो गेला?"

मी मान हलवली.

"रडतेस?"

"हो."

तिनं तोंड फिरवलं. "माझे घरान नको रडू, बाय," ती म्हणाली.

तिचं चुकलं, असं मला तेव्हाही वाटलं नाही. मी उठले, सायकल बाहेर काढली आणि खाडीच्या बांधावर जाऊन बसले. तिथं कुणी नव्हतं. तिथं मी मामांसाठी रडून घेतलं, आणि तोंड धुऊन परत आले.