नाही म्हणणारी पेशंट

आमच्या आईला पेशंट होता येत नाही, हे मला परवान्याच्या परीक्षेमुळे कळलं.

परदेशात नर्स म्हणून काम करायचं तर तिथला परवाना लागतो. त्या परीक्षेचा कॉम्प्युटरवरचा भाग मी कसाबसा पार केला होता. राहिला होता बोलण्याचा. त्यात परीक्षकच पेशंट होतो आणि आपल्या हातात एक कार्ड येतं: समोरच्या बाई रक्तदाबाची गोळी घ्यायला तयार नाहीत, त्यांची समजूत काढा. समजूत इंग्रजीत काढायची आणि आवाज चढवायचा नाही. लखनौच्या वॉर्डात माझं समजूत काढणं आजवर एका वाक्यात उरकत आलं होतं, "अम्मा, मुँह खोलिए." अदबीत काही कमी नव्हतं, पण वाक्य संपायच्या आत गोळी तोंडात गेलेली असायची. पहिल्या खेपेला मी याच भागात नापास झाले. तिकडच्या हॉस्पिटलनं माझी जागा धरून ठेवली होती, पण या वेळीही राहिले तर ती दुसऱ्या कोणाला जाणार होती.

जाऊ का, असं आईला विचारलं होतं तेव्हा ती पटकन "जा" म्हणाली होती. विषय तिथेच मिटला, असं मी धरून चालले.

आता सराव हवा होता. लखनौच्या महानगर मोहल्ल्यातल्या आमच्या घरात पेशंट व्हायला दोनच माणसं, आई आणि बाबा. आईला दिवाणावर झोपवलं. सांगितलं, तू मराठीत बोल, मी इंग्रजीत बोलेन, पण गोळीला नकार द्यायचा. आई गळ्यापर्यंत चादर ओढून डोळे मिटून पडली. मी शिकवल्याप्रमाणे खुर्ची जवळ ओढली, हसले आणि विचारलं की गोळीबद्दल तुम्हाला काही काळजी वाटते का.

"घेते ना," आई म्हणाली. "दे."

"आई, यार, तुला मना करायचंय."

"एवढी शिकलेली पोरगी सांगून राहिली, तर मी काऊन नाही म्हणू?"

पुढच्या वेळी ती नाही म्हणाली खरी, पण लगेच एक डोळा उघडून म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लं का तू?" पेशंटनं नर्सला असं विचारायचं नसतं, हे मी तिला कितीदा तरी सांगितलं. उपयोग शून्य. ऑपरेशनला घाबरलेली बाई केलं, तर ऑपरेशन टेबलावर चढायला तयार. सिगारेट न सोडणारा माणूस केलं, तर पहिल्याच वाक्याला "सोडली" म्हणून मोकळी. आणि प्रत्येकाला माझ्या जेवणाची चिंता.

बाबांचं नेमकं उलटं. त्यांची सगळी नोकरी सरकारी ऑडिटमध्ये गेलेली. दिवाणावर पडल्या पडल्या त्यांनी गोळी कोणाच्या आदेशानं देता, म्हणून विचारलं. आदेश लेखी आहे का? दुष्परिणाम सांगितले, तर हे आधी का कळवलं नाही? एकदा तर पेशंटनं माझ्याकडेच खुलासा मागितला. शेवटी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "घ्या ना हो ती गोळी, पोरगी दमली." बाबा म्हणाले, प्रकरण विचाराधीन आहे.

अशा तयारीवर मी परीक्षेला गेले. समोर पांढऱ्या केसांची एक परीक्षक बाई. कार्डावर लिहिलं होतं, मधुमेहाची पेशंट, घरी इन्सुलिन टोचून घ्यायला नकार. मी काळजी विचारली, तिनं मान हलवली. मी फायदे सांगितले, तिनं नको म्हटलं. पाठ केलेलं सगळं संपलं. घड्याळ चालू होतं. आणि तोंडातून निघून गेलं, सकाळपासून तुम्ही काही खाल्लंय का?

तिनं हातातल्या कागदाकडे पाहिलं. तिथे हे असणं शक्यच नव्हतं. मग म्हणाली, नाही, एकटीसाठी काय करत बसायचं. तिथून आमचं बोलणं सुरू झालं. जेवण, जेवणाची वेळ, त्याआधीची सुई. वेळ संपली तेव्हा ती सुई धरायला तयार झाली होती.

मी पास झाले. बाबांनी नागपूरच्या सगळ्या नातेवाइकांना फोन करून निकाल कळवला, काहींना दोनदा. अमीनाबादच्या बाजारातून आईनं माझ्यासाठी बॅग आणली आणि दुकानदाराला कसं नमवलं ते घरी आल्यावर सविस्तर सांगितलं. ती इतकी आनंदात होती की मला थोडं वाईटच वाटलं.

निघायच्या दिवशी टॅक्सी विमानतळाच्या वाटेवर, कानपूर रोडला लागली. बाबा पुढे, आम्ही दोघी मागे. सरोजिनी नगर आलं तशी मला आठवण झाली. आईच्या बीपीच्या गोळ्या मी तिच्याच पर्समध्ये ठेवल्या होत्या. त्या काढून दाखवल्या आणि म्हटलं, "ही रोज घ्यायची हां, आई. आजची राहिलीय."

"नाही घेणार."

"आई, सराव संपला आता."

"सराव नाही करून राहिली मी. नाही घेणार."

बाबांनी मागे वळून पाहिलं आणि पुन्हा समोर बघायला लागले. मला तिचा राग आला. या एका कामासाठी मी परवाना मिळवला होता. पण सुचलं ते तिचंच वाक्य.

"सकाळपासून काही खाल्लं का तू?"

"नाही," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, माझेही.

मी गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याची बाटली उघडली. तिनं मूठ मिटून घेतली.

"तू परत येशील ना," ती म्हणाली, "तेव्हा घेईन."